पाण्याची चाचणी

“ह्या टोपीचं इलॅस्टिक एक दिवस माझे कान कापून हातात देणार,” वहिनी आरशात बघत पुटपुटली, आणि तरीही तिने टोपी कानांवरून नीट खाली ओढली. नणंदेने तिची सुटलेली बट आत खोचून दिली. घरी दोघी एका ओट्याशी, इथे लशीच्या कारखान्यात एका छताखाली. नणंद भरणी विभागाची प्रमुख, वहिनी भरलेल्या बाटल्या तपासणारी. बोलायला विषय कधी कमी पडले नाहीत. एक सोडून.

आज पाहुणे येणार होते. साथीतून आपण काय शिकलो याचा अहवाल लिहिणारी समिती, आणि तिच्याबरोबर परदेशातल्या मूळ कंपनीचा माणूस. त्या कंपनीने अखेर लशीची कृती दिली होती आणि खरी लस या कारखान्यात पहिल्यांदाच बाटल्यांत उतरली होती. साथ केव्हाच ओसरली होती, मागणी कुठूनच नव्हती. वरातीमागून घोडं, तेही बर्फाच्या पेटीतून आलेलं.

करार झाला होता साथीच्या ऐन भरात. यंत्रं आली, खोल्या उभ्या राहिल्या, भिंतींना कोणता रंग द्यायचा तेसुद्धा मूळ कंपनीने कळवलं. पाट मांडले, ताटं घेतली, स्वयंपाक तेवढा दुसऱ्याच्या घरात कुलुपात. कृती येईपर्यंत हात बसावा म्हणून यांनी बाटल्यांत शुद्ध पाणी भरायला घेतलं. भरायचं, बूच बसवायचं, तपासायचं, ओतून द्यायचं. अशी चाचणी सगळेच कारखाने करतात. यांची संपलीच नाही. करारात गुप्ततेचं कलम होतं. काय आलं, काय यायचं राहिलं, याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, घरीसुद्धा नाही. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. कलम अजूनही लागू होतं आणि त्यापायी एकाची नोकरी गेलेली सगळ्यांनी पाहिली होती.

कारखान्याचे दिवे विझत नव्हते, तेव्हा लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. वहिनीच्या नवऱ्याने, दादानेही घेतलं. इस्पितळात बाहेरून थोडी लस आली आणि त्याचा नंबर लागला, तर त्याने तो गल्लीतल्या शिंप्याला देऊन टाकला.

“माझ्या घरात दोन दोन लसवाल्या,” तो जेवताना म्हणाला होता. “मी आपली घरची घेईन. घाई काय आहे?”

वहिनीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. नणंदेने पाण्याचा जग उगाचच इकडून तिकडे सरकवला. जेवणं झाली.

शिंपी अजून आहे, दादा नाही. रस्त्यात भेटला की मान खाली घालतो. या दोघीही घालतात.

पाहुणे आले. पुढे व्यवस्थापक, काहीही विचारलं तरी ‘बघू’ म्हणायचे, म्हणून मागे सगळे त्यांना बघूसाहेब म्हणत. आज विचारणारे दुसरे असल्यामुळे ते जरा घामेजले होते. नणंदेने काय सांगायचं तेही त्यांनी कालच पढवून ठेवलं होतं: परस्परांतला समन्वय वाढायला हवा. तिने ते पाठ केलं होतं. शाळेत कविता पाठ करावी तसं, अर्थाच्या वाटेला न जाता.

तपासणीच्या टेबलापाशी वहिनी बाटली हलकेच फिरवत होती. आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या. आतला द्रव किंचित दुधाळ होता. समितीतल्या बाई तिच्याजवळ थांबल्या. त्यांनी विचारलं, तेव्हाही तुम्ही इथेच होतात का? वहिनीने मान हलवली.

“मग तुम्हीच सांगा. यातून धडा काय घ्यायचा?”

त्या फक्त बाटल्या बघतात, बघूसाहेब घाईने म्हणाले, आणि त्यांनी नणंदेला खुणावलं.

नणंद पुढे झाली. समन्वय अगदी जिभेवर आला होता. वहिनीचा हात थांबला होता. टोपी आणि मास्क यांच्यामध्ये तिचे तेवढे डोळे दिसत होते आणि ते नणंदेकडे बघत होते. त्यात राग नव्हता. काहीच नव्हतं, पहाटे दूध तापायची वाट बघताना असायचे तसे ते होते.

नणंदेने तोंड मिटलं. ती दोन पावलं मागे आली आणि तिने वहिनीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

वहिनीने बाटली खाली ठेवली.

“तेव्हा आम्ही पाणी भरत होतो,” ती म्हणाली. आवाज रोजचाच, भाजीला काय आणू विचारणारा. “आम्हां दोघींना माहीत होतं. घरी ह्यांना सांगितलं नाही. हे आमच्या लशीची वाट बघत बसले.”