घागर गल्लीची रहाड

गंगेवरून, म्हणजे गोदेच्या घाटावरून, वर चढणारी घागर गल्ली कोणाला दाखवायची असली, तर उज्वलाबाईंनाच बोलवायचं, असा जुन्या नाशकातला रिवाज पडून गेला होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्या पाहुण्यांचा घोळका घेऊन निघत. इथे तांबटांचे ठोके पडायचे, हा दगडी हौद, हा तिरका मारुती. वेस पाडली तेव्हा त्याला हलवायला गेले, तर हा बेटा जागचा निघाला नाही, नुसता वाकडा झाला! शेवटी चौकात थांबून बाई म्हणत, "आता पाय आपटा."

पाय आपटला की खालून पोकळ आवाज येई. मग बाई रहाडीची गोष्ट सांगत. रस्त्याच्या पोटात दगडात बांधलेला खोल हौद, वर्षभर ओंडके आणि माती टाकून झाकलेला. रंगपंचमीला तो उघडायचा, पळसाची फुलं उकळून रंग भरायचा आणि अख्ख्या गल्लीने त्यात उड्या मारायच्या. पहिली उडी मानकऱ्याची. एरवी ओंडक्यांना कोणी हात लावायचा नाही म्हणजे नाही.

मानकरी होता देवराम, त्यांचा शेजारी. बाईंना सख्खा भाऊ नव्हता. फ्रॉक घालायच्या वयापासून भाऊबीजेला त्या त्यालाच ओवाळत. त्याच्या मोरपंखी भिंतींच्या स्वयंपाकघरात बसून जितक्या पुरणपोळ्या खाल्ल्या, तितक्या स्वतःच्या घरीही खाल्ल्या नसतील.

गेल्या वर्षी गल्लीचं काँक्रीट करायला ठेकेदाराची माणसं आली आणि रहाड बुजवायची भाषा निघाली. बाईंनी सगळी गल्ली रस्त्यावर बसवली. यंत्र पुढे सरकेना. तेव्हा देवराम मारुतीच्या शेंदराला हात लावून म्हणाला, "रहाडीला धक्का लागणार नाही. मी स्वतः उभा राहून काम करून घेतो. उज्वला, उठव सगळ्यांना."

भांड्यांच्या दुकानातली राखी कुरकुरली, "मावशी, काम होईस्तोवर बसू ना."

बाईंनी तिला झापलं. "देवरामदादाचा शब्द तो माझा शब्द. ऊठ!"

गल्ली उठली, आणि बाई लेकीच्या बाळंतपणाला सटाण्याला गेल्या.

परत आल्या तेव्हा रस्ता गुळगुळीत झाला होता. चौकात तेवढा फरशांचा चौकोन सोडलेला. खाली रहाड सुखरूप आहे, असं देवराम म्हणाला. त्याचं जुनं घर पाडून तिथे इमारत उभी राहत होती आणि तळघरातल्या पार्किंगची वाट त्या चौकोनावरूनच जात होती. रविवारी पाहुण्यांनी पाय आपटले. आवाज बसका आला.

"नवी फरशी आहे ना," बाई म्हणाल्या. आपल्या माणसावर शंका घेणं त्यांना कधी जमलंच नाही. भोळेपणा म्हणा, नाहीतर सरळ मूर्खपणा म्हणा.

रंगपंचमी आली. देवराम म्हणाला, "यंदा पाण्याची ओरड आहे. चार फवारे लावू. रहाड राहू दे."

"असं कसं, दादा? फुलं काहिलीत उकळतायत," बाई हसून म्हणाल्या आणि त्याच्या हातात नारळ दिला. गल्ली जमलीच होती. त्याला नाही म्हणता येईना.

राखीच्या नवऱ्याने, नवनाथने, पहार घालून फरशा उचकटल्या. खाली माती, मातीखाली ओंडके लागायला हवे होते. लागला राडारोडा. विटा, कौलांचे तुकडे, चुना. त्याने हातभर उकरलं, तरी तेच.

"रहाड भरलीय, मावशी," तो हळूच म्हणाला.

पहारीबरोबर गिलाव्याचा एक मोठा तुकडा वर आला. बाईंनी तो उचलून पदराने पुसला. मोरपंखी रंग, आणि त्यावर फोडणीचे तेलकट डाग.

"दादा, हे तुझं स्वयंपाकघर."

देवरामने मान खाली घातली. "रहाड पोकळ ठेवली, तर तळघरात जायचा गाडीचा उतार बसत नव्हता गं. घराचा मालही कुठेतरी टाकायचाच होता. वर्षातल्या एका दिवसाची तर गोष्ट."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर तू उठवली असतीस का गल्ली?"

रहाड गेली ती गेलीच, पण ती बुजवायला वाट करून दिली बाईंच्याच तोंडच्या शब्दाने. भावाने केसाने गळा कापला होता, आणि तो कापायला मान त्यांनी आपण होऊन पुढे केली होती. राखी उचकटलेल्या फरशा एकावर एक रचू लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

काहिलीतला केशरी रंग वाफाळत होता. गल्लीतली पोरंबाळं, म्हातारीकोतारी सगळी कडेला उभी होती. बाईंनी तो मोरपंखी तुकडा देवरामच्या पायाशी ठेवला आणि दर वर्षी म्हणत तेच म्हणाल्या.

"मान तुझा, दादा. मार पहिली उडी. गल्ली थांबलीय."