अंदाजाची गाडी

आमच्या घरात शिलाई मशीन टेबलाच्या पोटात गेलं की शर्यत सुरू होते. मशीन सासूबाईंचं, घडीचं. खाली उतरवलं की वर सपाट फळी उरते. त्या फळीला मी कॉम्प्युटरवरच्या गाडीचं स्टिअरिंग आवळून बसवते आणि पेडल भिंतीला टेकवून ठेवते, नाहीतर जोरात ब्रेक मारला की ती घसरत थेट कपाटाखाली जातात. हे सगळं रविवारी दुपारी, चिमटी झोपली की. चिमटी म्हणजे माझी आठ महिन्यांची लेक. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण हाताला लागेल त्याला चिमटा काढते म्हणून ती चिमटीच.

सासूबाई तेवढा वेळ शिवणकाम बंद ठेवतात आणि आतल्या खोलीत तिच्याजवळ बसतात. गिऱ्हाईक आलंच तर दारातून सांगतात, "आत्ता नाही, सून गाडी चालवतेय." नवीन माणूस खिडकीतून खाली रस्त्यावर बघतो.

आमची ऑनलाइन शर्यतींची लीग छोटीशी आहे आणि तिचा हट्ट एकच, सगळं खऱ्यासारखं हवं. टायर गार असले तर गाडी घसरणार. ठोकलीत तर चाक वाकडं ते वाकडंच, पुन्हा पहिल्यापासून वगैरे काही नाही. नवरा एकदा म्हणाला, "एवढं खरं हवंय तर आपली खरी गाडी चालव की."

"तिच्यात शेजारी तू बसून 'हळू, हळू' करतोस," मी म्हटलं.

पण मला ते खरेपण फार प्रिय आहे. मी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, त्यांवर मी दात बसवते. केसाएवढा फरक पडला तरी एखाद्याच्या जेवणाची मजा जाते. सध्या बाळंतपणाची रजा आहे, हाताला ते काम नाही, तर ती सगळी बारकाई मी वळणावळणांत ओतते. आणि दुसरं असं की तिथे मला कोणी "बाळ झोपतं का गं रात्री?" असं विचारत नाही. विचारतात, "कुठले टायर लावलेस?" हा प्रश्न किती सुंदर आहे ते आठ महिन्यांच्या बाळाच्या आईलाच कळेल.

लीगमध्ये दोन गट. पहिल्याच्या शर्यती रविवारी दुपारी, दुसऱ्याच्या रविवारी संध्याकाळी. मी पहिल्यात होते. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या दहांत आले तर तिथेच राहणार, नाहीतर खालच्या गटात. आणि खालचा गट म्हणजे संध्याकाळ. संध्याकाळी चिमटीला आईशिवाय दुसरं माणूस चालत नाही. बापसुद्धा नाही, तो बिचारा हात पसरतो आणि ती अशी बघते की जणू वीजबिल घेऊन आलाय. म्हणजे गट गेला तर माझा खेळच गेला.

त्या शेवटच्या शर्यतीत दोनच फेऱ्या उरल्या होत्या आणि मी अकरावी होते. पुढे लिफ्टवाले. ते खरोखरच लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणून लीगमध्ये सगळे त्यांना तेच म्हणतात. शांत माणूस, कोणाची वाट अडवणार नाही की कोणाला फुकट सोडणारही नाही. उताराच्या शेवटी एक अगदी काटकोनी वळण आहे. तिथे ते जरा बाहेरून गेले आणि मी आतून घुसले. दोन गाड्यांमध्ये वीतभर फट होती, मी डोळ्यांनी पाहिली. तेवढ्यात त्यांची गाडी आपोआपच गर्रकन फिरली. मी पुढे निघाले आणि दहावी आले.

हेडफोन काढून मी आतल्या खोलीत नाचत गेले. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"दहावी आले, आई!" मी कुजबुजले.

"दहावी?" त्याही कुजबुजल्या. "आणि नाचतेस? माझा लेक पाचवा आला तर महिनाभर तोंड लपवून फिरला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाल्यांची तक्रार आली. सोबत त्यांच्या बाजूचं रेकॉर्डिंग होतं. ते पाहिलं आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला. त्यांच्या स्क्रीनवर माझी निळी गाडी वळणात एकदम पालीसारखी सरकते आणि त्यांच्या मागच्या चाकावर आदळते. मी माझं रेकॉर्डिंग लावलं. त्यात वीतभर फट. पुन्हा त्यांचं, त्यात धडक. पुन्हा माझं, फट.

दोन्ही खरी होती. आमच्या खेळातली ही एकच गोष्ट खऱ्यासारखी नाही. आपली गाडी आपल्या घरात असते, पण समोरच्याची गाडी तारेवरून येते आणि तिला यायला वेळ लागतो. तोवर कॉम्प्युटर अंदाज करतो की इतक्या वेगाने चालला होता म्हणजे आत्ता इथे असेल. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. पण मधेच कोणाची इंटरनेटची लाइन अडखळली तर कॉम्प्युटर आपल्या मनानेच त्याची गाडी हाकत राहतो, आणि खरी खबर आली की ती उचलून दुसरीकडे ठेवतो. आपण ज्याच्याशी शर्यत लावतो तो आपल्याला दिसतच नसतो, दिसतो तो त्याचा अंदाज. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे लग्नासारखंच."

सुनावणी दुपारी होती. लीगचे पंच औषधांच्या दुकानात असतात, जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून ते निवाडे करतात. मी फोन स्पीकरवर ठेवला, कारण एका हातात चिमटी होती. सासूबाई मशीनवर कोणाच्या तरी पँटची कंबर सैल करत बसल्या होत्या.

"नियम साधा आहे," पंच म्हणाले. "ज्याची लाइन अडखळली, जबाबदारी त्याची. खऱ्या रस्त्यावर तुमचे ब्रेक गेले तर तुम्ही मुद्दाम नाही ठोकलं हे मान्य, पण ठोकलं तुम्हीच ना? पाच सेकंदांचा दंड. अडचण अशी आहे की नोंदीत त्या क्षणी दोघांचीही लाइन हललेली दिसतेय."

"माझी हलतेच थोडी," लिफ्टवाले म्हणाले. "तळमजल्यावर राहतो ना. जगाला वर न्यायचं आणि आपण खाली राहायचं."

पंच हसले. "मग मला ठरवता येणार नाही. कोणाचाच दोष नाही असं लिहून निकाल आहे तसाच ठेवतो. ताई दहाव्या, तुम्ही अकरावे."

"चालेल," लिफ्टवाले म्हणाले. मग जरा थांबून, "मला संध्याकाळी दुरुस्तीचे कॉल असतात हो. रविवारी लोक फिरून घरी येतात आणि तेव्हाच अडकतात. म्हणून तक्रार केली, ताई. मनात काही ठेवू नका."

मला त्यांचं वाईट वाटलं. पण खरं सांगते, सुटल्यासारखं जास्त वाटलं.

"एक शेवटचं, रीत म्हणून विचारतो," पंच म्हणाले. "त्या वेळी तुमच्या घरी दुसरं कोणी लाइन वापरत होतं का?"

लिफ्टवाले म्हणाले, "मी एकटाच असतो." मी म्हटलं, "नाही. सासूबाई होत्या, पण त्या आत बाळाजवळ."

मशीन थांबलं.

"अहो पंच," सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "एक मिनिट." चष्मा कपाळावर चढवत त्या फोनपाशी आल्या. "मी तिची सासू. बाळ झोपेत हसत होतं. मी माझ्या लेकीला फोन लावून दाखवलं. तोंड दिसतं ना, त्या फोनवर. त्याला लाइन लागते का?"

स्पीकरमधून औषधाच्या दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"लागते, मावशी," पंच म्हणाले. "किती वाजता लावलात?"

सासूबाईंनी आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यांना वेळ कुठे बघायची ते कळत नाही. मी पाहिलं. फोन लागला होता ते मिनिट आणि वळणाचं मिनिट एकच होतं. मी ते मोठ्याने वाचलं. वाचताना माझा आवाज मलाच परका वाटला.

"मावशी," पंच हळू म्हणाले, "यामुळे तुमच्या सुनेची जागा जाते, कळतंय ना?"

"न कळायला काय झालं? पण मी कापड चुकीचं कापायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की तुम्हीच जाड झालात, असं कसं चालेल?"

लिफ्टवाले एकदम हसले, मग खोकून हसू आवरलं. पाच सेकंद माझ्या वेळेत मिळवले गेले. ते दहावे, मी अकरावी.

फोन ठेवून मी चिमटीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. राग आला होता, खोटं कशाला सांगू? एक शब्द त्या बोलल्या नसत्या तर कोणाला कळणार होतं? आणि मग नळाखाली हात धरून उभी असताना माझं मलाच उमगलं, की मला कळलं असतं. आज ना उद्या त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलंच असतं, "त्या दिवशी बाळ काय गोड हसलं, मी लेकीला फोनवर दाखवलं." मग दर रविवारी त्या वळणावर मी लिफ्टवाल्यांची जागा घेऊन बसले असते. दाताचा ठसा चुकलाय हे माहीत असताना वर कवळी बसवावी तसं.

दाराबाहेर सासूबाईंचा आवाज आला. "चिडलीस?"

"हो."

"चीड. पण पाणी बंद कर."

मी दार उघडलं. चिमटीने त्यांच्या केसांची एक बट मुठीत धरली होती आणि त्या मान वाकडी करून उभ्या होत्या.

"संध्याकाळची शर्यत किती वाजता असते?"

"जाऊ दे, आई. ती माझ्याशिवाय राहत नाही."

"ते मला माहीत आहे, मी वेळ विचारतेय." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "मी शिवण शिकायला लागले तेव्हा तुझा नवरा असाच चिकटलेला होता. माझ्या सासूबाई त्याला घेऊन जिन्यात बसायच्या. तो रडायचा, त्या बसायच्या. मशीनवर बसताना मला कधी कोणी विचारलं नाही की हे कशाला. तुझी ती गाडी मला समजत नाही, पण बसून काहीतरी नीट करत असतेस एवढं दिसतं."

मी त्यांच्या केसांतून चिमटीची बोटं एकेक करून सोडवली. आभार मानायला एवढंच सुचलं.

नवा हंगाम सुरू होईपर्यंत रोज संध्याकाळी सासूबाईंनी तिला थोडा थोडा वेळ माझ्यापासून दूर नेलं. पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली की सगळं ठीक आहे ना. दुसऱ्या आठवड्यात बापाला जरा भाव मिळाला, बिलाऐवजी निदान पावती तरी. लिफ्टवाल्यांचा एकदा निरोप आला, "काकूंना नमस्कार सांगा. तुमची लिफ्ट अडकली तर पैसे घेणार नाही." आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. सासूबाईंनी उलट निरोप पाठवायला लावला, "त्यांना म्हणावं, तुमच्या पँटची कंबर फुकट."

आणि मग तो रविवार आला. मशीन खाली उतरवलं, स्टिअरिंग आवळलं. सासूबाईंनी स्वतःहून आपला फोन बंद करून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या गटातली माणसं अनोळखी होती, कोणी तरी विचारलं, "निळ्या गाडीवाल्या, टायर कुठले?" मी सांगितलं. गाड्या रांगेत लागल्या.

तेवढ्यात चिमटीने टाहो फोडला. हेडफोनमधूनसुद्धा ऐकू आला. माझे पाय पेडलवरून आपसूक उचलले गेले, खुर्ची मागे सरकली.

"येऊ नकोस!" सासूबाई आतून ओरडल्या. "आमचं आमचं चाललंय!"

दार उघडल्याचा आवाज आला, मग चपलांचा. रडणं जिन्याने खाली निघालं, एकेक पायरी. त्याच्या बरोबरीने सासूबाईंचा आवाज, "रड, रड बाई, छाती मोकळी होते. बघ तो रखवालदार, त्यालापण चिमटा काढू..." आवाज लहान होत गेला.

मी खुर्ची पुढे ओढली आणि पाय पेडलवर ठेवले. समोर शर्यत सुटायच्या आधीचे लाल दिवे लागले होते. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून पुढची गाडी जरा धूसर दिसत होती. पण ती कुठे असेल याचा मला चांगला अंदाज होता, आणि मागे जिन्यात काय चाललं असेल याचाही.