सासूबाईंची जोडीदारीण

सासूबाईंनी समुद्र सोडावा असं मला मनापासून वाटत होतं, पण बोलायची सोय नव्हती. जेजू बेटावरच्या आमच्या गावात ऐंशीला टेकलेल्या बायका रबरी पोशाख चढवून समुद्रात बुड्या मारतात. श्वास रोखून तळाशी जायचं, खडकावरचे शिंपले खरवडायचे आणि वर आलं की शीळ वाजवत श्वास सोडायचा. अशा बाईला घरी बस म्हणणं म्हणजे मर म्हटल्यासारखंच. आमच्या सासूबाई, को छुनह्वा, त्यांतल्याच. जमिनीवर गुडघे कुरकुरतात म्हणून ढकलगाडीच्या आधाराने चालतील, पण पाण्यात पडल्या की मासोळी. त्यांच्या शेजारी बुडी मारते ती मी, त्यांची जोडीदारीण. माझी पन्नाशी उलटली, तरी आमच्या बायकांत मी अजून 'पोरगी'च.

गेल्या वसंतात आमच्यातली योंगजामावशी पाण्यावर आली ती बेशुद्धच. बायकांनी तिला शेकोटीपाशी निजवलं, तळपाय चोळले, सुईने अंगठा टोचून काळं रक्त काढलं. पोट धरलं, घेरी आली, की आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. तिच्या छातीला कोणी हात लावला नाही. मावशी गेली. त्यानंतर गावच्या मच्छीमार संस्थेने नियम काढला. पंचाहत्तरीपुढच्या बाईला पाण्यात उतरायचं असेल तर तिच्या जोडीदारणीने प्रथमोपचाराची परीक्षा द्यायची. जोडीदारीण नापास झाली, तर म्हातारी घरी.

म्हणजे आमच्या घरचा निकाल माझ्या दोन हातांवर आला. नीट शिकली नाहीस तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही, असं सासूबाईंनी मला बजावलं. मी मान डोलावली, पण डोक्यात वेगळंच शिजत होतं. नापास व्हायला असं कितीसं लागतं? चार ठिकाणी हात चुकवला की सासूबाई कायमच्या सुखरूप, आणि मला रोज त्यांची शीळ ऐकू येईपर्यंत जीव मुठीत धरून तरंगायला नको.

वर्ग गावच्या सभागृहात भरला. शिकवायला अग्निशमन दलातले बू ग्योंगहो आले. शांत माणूस, आवाज चढवणं ठाऊक नाही. त्यांनी कमरेपर्यंतचा रबरी बाहुला जमिनीवर ठेवला. छाती पुरेशी खोल दाबली गेली की त्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागायचा. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझी शेजारीण बोंगसून, आमच्यासारखीच बुड्या मारणारी, साठीची, हाडापेराने दणकट आणि जिभेला हाड नसलेली. तिने आधी बाहुल्यावर आपला कोट घातला. बिचारा गारठला असेल म्हणे.

छाती दाबताना मोठ्याने मोजा, असं बू साहेबांनी सांगितलं. कोणी मोजेना. ताकदीचं काम आलं की आमचा श्वास आपसूक बंद होतो, जन्माची सवय. एकेक बाई ओठ मिटून, लालबुंद होऊन दाबतेय आणि थांबली की लांबलचक शीळ. बू साहेब कपाळाला हात लावून खाली बसले आणि पोट धरधरून हसले. आपला श्वास संपला तर दुसऱ्याला कुठून जीव देणार, म्हणाले. ती खोड मोडण्यातच सकाळ गेली.

दुपारी परीक्षा. सासूबाई पुढच्या रांगेत, मांडीवर संत्री घेऊन बसलेल्या. मी गुडघ्यांवर बसले, बाहुल्याला हाका मारल्या, बोंगसूनकडे बोट करून रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं, सासूबाईंना बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारी पेटी आणायला सांगितलं आणि छातीच्या मधोमध तळवे टेकले. आता चुकवायचं, असं ठरवलेलं होतं. पण तळव्याखाली ती रबरी छाती आली आणि मला योंगजामावशी दिसली. हात चुकवता येईना, काही केल्या येईना. मी दाबत सुटले, मोठ्याने मोजत. दिवा हिरवा तो हिरवाच राहिला.

मी पास झाले. सासूबाईंनी सोललेलं संत्रं माझ्या तोंडात कोंबलं आणि उद्या भरती कधीची ते बोंगसूनला विचारू लागल्या. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, मलाही करू द्या म्हणाल्या. बायका हसल्या. बोंगसूनने विचारलंच, आजीबाई, या वयात कोणाला वाचवताय? सासूबाईंनी बाह्या सारल्या. पहिल्यांदा श्वास कोंडून दाबलं, दिवा लागला आणि लगेच विझला. मग मोजत दाबलं, दिवा लागलाच नाही. गुडघे टेकवेनात म्हणून उशी घेतली. थोडं थांबून पुन्हा केलं, तरी दिवा लागेना. कोणी हसत नव्हतं आता.

बू साहेब जवळ बसून हळूच म्हणाले, आजी, तुम्हाला हे यायलाच हवं असं नियमात नाही. तुमची सून पास झाली, तुम्ही खुशाल पाण्यात उतरा.

सासूबाईंनी बाहुल्यावरचे हात काढले. मग माझ्याकडे वळल्या.

"मी बुडाले तर तू मला वर आणून दाबशील."

"हो, आई."

"आणि तू बुडालीस तर?"

माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. इतके दिवस मी फक्त त्यांच्या मरणाला घाबरत होते.

"तर मी काय करू? तुझ्याशेजारी बसून शीळ घालू?" त्या म्हणाल्या. "नाही गं. असली जोडीदारीण कामाची नाही."

त्या समुद्र सोडत होत्या. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. मी त्यांचा हात धरला, म्हटलं आई, राहू द्या, किनाऱ्याजवळच उतरू आपण. त्यांनी हात सोडवून घेतला आणि बोंगसूनला हाक मारली. उद्यापासून माझ्या सुनेशेजारी तू उतरायचंस, म्हणाल्या, आणि आत्ता इथे येऊन बस.

बोंगसून मुकाट बसली. दाबू लागली. दिवा एकदा लागे, एकदा न लागे. सासूबाई ढकलगाडीवर दोन्ही हात टेकून तिच्या डोक्यावर उभ्या होत्या.

"खोल दाब," त्या म्हणाल्या. "अजून खोल. मला एकच सून आहे."