वाकता न आलेली पट्टी

दिनांक ११ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. माझ्याखाली आलेला तो दोनशे चौदावा चेहरा होता.

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. माझ्या अंगावर रेघा कोरल्या गेल्या, तेव्हा तपासनिसाने भिंगाखाली धरून मला चोख ठरवले होते. पहिली नऊ वर्षे मी यंत्रशाळेत लोखंड मोजले. पुढे कामगार भरपाई कार्यालयातील डॉक्टरांच्या खणात आले आणि माणसांचे व्रण मोजू लागले. नियम असा होता की, चेहऱ्यावरील व्रण पट्टीने सरळ मोजावा. नऊ सेंटिमीटर भरला तरच भरपाई द्यावी. मला त्यात वावगे वाटले नाही. मला काहीच वाटत नसे.

त्या दिवशी आलेली बाई धुलाईकेंद्रात कामाला होती. वाफेची नळी फुटून तिचा गाल कानापासून हनुवटीखालपर्यंत भाजला होता. गिऱ्हाइके टक लावून बघतात, म्हणून मालकाने तिला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत, कमी पगारावर बसवले होते.

डॉक्टरांनी मला टेकवले. माझा मधला भाग जबड्याला लागला. दोन्ही टोके अधांतरी राहिली.

"साडेसात," डॉक्टर म्हणाले.

"अहो, गाल आहे तिचा, फळी नाही!" सोबतची नणंद उसळली. "शिंप्याची टेप लावा की!"

"नियमात पट्टीच लिहिली आहे, ताई."

"मग नियम करणाऱ्याच्या गालाला लावा ही!"

बाई एवढेच म्हणाली, "जाऊ द्या हो वन्सं. उशीर झाला तर अर्धा दिवस कापतील."

अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी मात्र डॉक्टरांनी कापडी टेप आणली. तेव्हापासून ते प्रत्येक अर्जावर दोन आकडे लिहीत: नियमापुरता माझा, आणि शेऱ्याच्या रकान्यात टेपचा. वरिष्ठांनी दोनदा खुलासा मागवला. त्यांनी दोनदा दिला. चौथ्या वर्षी ते शेरे समितीपुढे गेले आणि नियम बदलला. व्रण त्वचेच्या वळणाने मोजायचा, फेटाळलेले अर्ज पुन्हा उघडायचे.

मी आता खणाच्या तळाशी गंजत आहे. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, मी एकदाही खोटे मोजले नाही, तरी माणसे माझ्यापुढून रिकाम्या हाताने परतली. कोणाला मोजायला बसाल, तेव्हा आधी त्याच्याकडे नीट पाहा. साधन मग निवडा.

बाईला पुन्हा बोलावले गेले. तोवर ती मागच्या खोलीतच होती. डॉक्टरांनी टेप फिरवली आणि आकडा मोठ्याने वाचून लिहिला: अकरा सेंटिमीटर, चार मिलिमीटर. मंजूर.