बोकडाचे गुडघे

"ये रे बोकडा, कडा उतर,
बर्फात बुडालं सारं घर.
पोरं कंटाळली बसून बसून,
जा त्यांना थोडं हसवून."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला अजून कानही फुटले नव्हते. मी जर्दाळूच्या लाकडाचा एक तुकडा होतो. तुर्दाकुन आजोबा, तेव्हाचे तरणे तुर्दाकुन, सुरीने मला तासत होते आणि गुणगुणत होते. त्याच ओंडक्यातून त्यांनी आधी कोमुझ कोरला होता, तीन तारांचा. उरलेल्यातून मी झालो. म्हणजे मित्रांनो, ज्या वाद्यावर मी आयुष्यभर नाचलो ते माझं सख्खं भावंडच.

आता मी जुना झालो. वितीएवढा रानबोकड मी, मागे वळलेली शिंगं, चामड्याच्या वादीने जोडलेले चार पाय. एका पाटावर उभा असतो. माझ्या पोटातून घोड्याच्या केसांची दोरी निघते, पाटाच्या भोकातून खाली जाते आणि तिचं टोक आजोबांच्या उजव्या हाताच्या बोटाला बांधलेलं असतं. ते तार छेडतात, बोट हलतं, मी उडी मारतो. त्यांनी हळू वाजवलं की मी चरतो, जोरात वाजवलं की कड्यावरून धावतो.

आमच्या सहा घरांच्या गावात खिंड एकदा बंद झाली की पाच महिने उघडत नाही. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. मोठ्यांना मेंढ्या असतात, गोवऱ्या असतात, चहा असतो. पोरांना काय असतं? चार भिंती आणि एकमेकांचे केस ओढणं. म्हणून हिवाळ्यात पाळीपाळीने एकेका घरी सगळ्यांनी जमायचं, मटण शिजवायचं, अशी रीत आहे. जमणं कुणाच्याही घरी असो, पोरं आधी विचारत, "बोकड येणार ना?"

अशी माझी चाळीस वर्षं गेली. माझ्यासमोर हसलेल्या पोरांची पोरं माझ्यासमोर हसली. कौतुकाने माझी शिंगं चाटणारी बाळंही मी पाहिली. याहून मोठी शाबासकी लाकडाला कुठली?

मग दोन हिवाळ्यांपूर्वी काहीतरी बिनसलं. सूर अजून आला नव्हता आणि मी उडालो. मग सूर आला, तेव्हा मी तसाच उभा. पोरं खदखदून हसली. त्यांना वाटलं, नवी गंमत आहे. आजोबाही हसले. मग त्यांनी हात हळूच बाहीत ओढून घेतला आणि म्हणाले, "म्हातारा झाला रे बोकड. गुडघे धरलेत त्याचे."

मित्रांनो, माझे गुडघे ठणठणीत होते. दोरीचं दुसरं टोक माझ्याच पोटात आहे, मला कळणार नाही? त्यांचं बोट थरथरत होतं. पण लाकडाला तोंड कोरतात, जीभ कोरत नाहीत.

आणि मला त्यांची भीतीही कळत होती. ज्या घरात बोकड नाचतो त्या घरी पोरं येतात. बोट गेलं, तर त्या म्हाताऱ्याच्या दाराशी बूट झटकायला कोण येणार?

या हिवाळ्यात त्यांनी मला रजयांच्या पेटीत ठेवून दिलं. अंधारात मला पोरांचे आवाज ऐकू येत.

"आजोबा, बोकड?"

"बरं नाही त्याला."

शेजारचा एर्मेक फटकळ. तो म्हणाला, "लाकडाला काय होतंय? सर्दी?"

"तुझ्या डोक्याला झाली नाही कधी, म्हणून तुला ठाऊक नाही," आजोबा म्हणाले, आणि सगळे हसले. पण त्यांची सहा वर्षांची नात झुपार हसली नाही. तिला ते खरं वाटलं.

आमच्या घरी जमायची पाळी होती त्या दिवशी सकाळी आजोबा आणि नुरीला, म्हणजे झुपारची आई, गोठ्यापुढचा बर्फ उपसायला गेले. पेटीचं झाकण उघडलं. झुपारने मला बाहेर काढलं आणि कानात म्हणाली, "गप पडून राहायचं हं. औषध लावते."

खोकला झाला की आई झुपारच्या छातीला मेंढीच्या शेपटीची चरबी चोळते आणि शाल गुंडाळून चुलीशी निजवते. झुपारने तेच केलं. चारही गुडघ्यांना चरबी चोपडली, आईच्या रुमालात गुंडाळलं, चुलीजवळ ठेवलं. वर फुंकर घातली. एवढी माया मला कुणीच लावली नव्हती. मग ती अंगणात आईला हाक मारायला गेली, "बोकड बरा होतोय!"

आणि गारठ्यामुळे घरात घेतलेलं कुत्र्याचं पिल्लू जागं झालं. त्याला तरी काय दोष? चरबीचा वास, मऊ रुमाल, आत हाडासारखं काहीतरी. सगळे धावत येईपर्यंत माझा पुढचा डावा पाय गुडघ्यापासून चघळून झाला होता.

झुपार पिल्लावर ओरडली नाही. ती मला पोटाशी धरून रडत बसली. नुरीलाने चुचकारलं, गरम बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, पुढे ठेवले, पण तिने हात लावला नाही.

दुपारी पोरं आली. बूट झटकले, चुलीभोवती बसली, आणि त्यांना माझा पाय दिसला.

"मी केलं," झुपार हुंदके देत म्हणाली. "त्याचे गुडघे दुखत होते ना..."

एर्मेकने विचारलं, "मग आता बोकड कधीच नाचणार नाही, आजोबा?"

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. जुन्या वस्तू पुसून ठेवा, वादी सुकली तर तेलाचं बोट फिरवा, चरबी नको. पण वस्तू अडखळली, तर आधी ती ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेही बघा. कधी कधी दुखणं तिथे असतं, आणि ते सांगायला त्या माणसाकडे शब्द नसतात.

आजोबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आता खरंच पाय तुटला होता. सारा दोष माझ्यावर आणि त्या पोरीवर जाणार होता. त्यांच्या बोटाचं गुपित कायमचं झाकलं जाणार होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग झुपारकडे. मग बाहीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर गुडघ्यावर ठेवला. हात थरथरत होता. कोणीही हसलं नाही.

त्यांनी दोरीचं टोक घेतलं, झुपारचा चिमुकला हात ओढून घेतला आणि तिच्या बोटाला गाठ मारू लागले. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली. मग त्यांनी कोमुझ तिच्या मांडीवर ठेवला.

"रडू नकोस, बाळा," ते म्हणाले. "तीन पायांवरही नाचतो तो. बोकड कधी आजारी नव्हताच. दोन हिवाळे झाले, माझाच हात चालत नाही. तुम्ही यायचे थांबाल म्हणून सांगितलं नाही."