जुनी चौकट

आत्याने साठी उलटल्यावर लग्न केलं, त्या वर्षीची गोष्ट. एका सकाळी खुंटी दुकानात उकिडवी बसून खुर्चीच्या भोकातून वेताची ओली पट्टी वर ओढत होती आणि समोर बसलेल्या बाबांना एक गोष्ट कशी सांगावी याचा विचार करत होती. पट्टी वर आली की ती बाबांच्या हातात द्यायची. बाबा ती ताणून पुढच्या भोकात सोडायचे आणि सैल पडू नये म्हणून तिथे लाकडाची बारीक खुंटी ठोकायचे. लहानपणी त्या खुंट्या एकेक करून हातात देण्याचं काम तिचं होतं. तेव्हा तीही एवढीशी होती, म्हणून बाबांनी तिलाच खुंटी म्हणायला सुरुवात केली. आता ती बाबांपेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव काही बदललं नाही.

सांगायची गोष्ट तशी साधी होती. तिचा जन्म या देशातला, आईबाबा मात्र समुद्रापलीकडून आलेले. त्यामुळे तिला इथलंही नागरिकत्व होतं आणि बाबांच्या देशाचंही. अशा मुलांनी बावीस पूर्ण होण्याआधी एक ठेवायचं, एक सोडायचं, असा इथला कायदा होता. काहीच केलं नाही तर इथलं आपोआप जाणार. खुंटीला इथलंच ठेवायचं होतं. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात ती पाण्याचे नमुने तपासायला शिकत होती. तिच्या मैत्रिणी इथल्या, शेजारी इथले आणि भांडणंही इथलीच. तिकडे ती आजवर दोनदा गेली होती, त्यातल्या एका वेळी तर तिला दातही आले नव्हते. तिचं स्वतःचं ठरलं होतं. बाबांना ते सोसेल का, एवढाच प्रश्न होता.

कारण घरात तिकडचं धरून बसलेले एकटे बाबाच होते. आईने इस्पितळाच्या धुलाईखात्यातली नोकरी पक्की व्हावी म्हणून कधीच इथलं नागरिकत्व घेतलं होतं. समोरचा इस्त्रीवाला बाबांच्याच बोटीने आला होता, तोही केव्हाच इथला झाला होता. बाबा मात्र दर वर्षी कोट घालून परदेशी लोकांच्या रांगेत उभे राहायचे आणि मुक्कामाची परवानगी वाढवून आणायचे. शहरातल्या शाळांच्या खुर्च्या विणायचं मोठं काम फक्त नागरिकांना मिळायचं, म्हणून बाबांकडे घरगुती खुर्च्याच यायच्या. मतदानाच्या दिवशी सगळी गल्ली नटूनथटून बाहेर पडायची, आणि बाबा दुकान उघडून बसायचे.

इस्त्रीवाल्याला गप्प बसवत नसे.

"काय मालक, बोटीतून उतरलाच नाहीत की काय तुम्ही? इतकी वर्षं धक्क्याकडे तोंड करून उभे."

"उतरेन की," बाबा म्हणायचे. "घाई काय आहे?"

लोक समजायचे, याचा जीव तिकडेच अडकलाय. खुंटीही तेच समजत आली होती. आत्याच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा बाबांनी एक फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला होता. खुंटीला वाटलं, आता डोळे भरणार. बाबा म्हणाले, "नवरदेवाला बसवलाय ती खुर्ची कुणी विणलीय? किती सैल!" पण विनोद करून दुःख झाकायची बाबांची सवय तिला माहीत होती, म्हणून तेही तिने मनातल्या हिशेबात धरलं.

पुढची पट्टी वर आली. ती बाबांच्या हातात देताना खुंटी म्हणाली, "बाबा, मला तिकडचं सोडावं लागेल."

बाबांनी पट्टी घेतली.

"कधीपर्यंत?"

"वाढदिवसाच्या आत."

"मग पुढच्या आठवड्यात जाऊ. सोमवारी नको. सोमवारी वकिलातीत गर्दी असते."

ते रागावले तर काय बोलायचं, गप्प झाले तर काय बोलायचं, हे खुंटीने ठरवून ठेवलं होतं. सोमवारची गर्दी त्यात कुठेच नव्हती. बाबांनी पट्टी ओढली आणि ती मध्येच तुटली. बाबांच्या हातून वेत तुटलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"कोरडी राहिली होती," ते म्हणाले.

पट्टी चांगली भिजलेली होती. खुंटीनेच ती पहाटे बादलीत टाकली होती. तिने दुसरी पट्टी दिली.

संध्याकाळी तिने आत्याला फोन लावला. बाबांची आई लवकर गेली, तेव्हा या मोठ्या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं, त्यामुळे बाबांचं मन आत्यालाच कळणार असा तिचा समज. आत्या आधी स्वतःच्याच संसाराचं सांगत बसली. नवरा चांगला आहे, पण चहा गार झाल्याशिवाय पीत नाही, या वयात त्याला काय शिकवायचं, असं बरंच काही. मग खुंटीने सगळं सांगितलं, आणि आता तुझ्याकडे यायचं तर परवानगी काढून यावं लागेल, हेही सांगितलं.

"बरंच झालं," आत्या म्हणाली. "परकी झालीस की ताट नीट वाढीन. घरच्यांना काय, पातेलं खरवडून दिलं तरी चालतं. आणि नागरिकत्व होतं तेव्हा तरी कुठे माझ्या लग्नाला आलीस? आता नाही म्हणून यायचं थांबू नकोस."

"येईन, आत्या."

"तुझा बाबा काय म्हणाला?"

"काहीच नाही. सोमवारी नको म्हणाले."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सुटला ग बाई एकदाचा," ती म्हणाली. खुंटीने कोण सुटला, कशातून सुटला, असं विचारलं, तर तिने घाईघाईने फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो बिचारा हवापाण्याचं बोलत राहिला.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी दोघं निघाली. बाबांनी रांगेचा कोट घातला होता. निघण्याआधी ते दुकानात जाऊन आले. हात ओले का, असं आईने विचारलं, तर बाबांनी ते कोटालाच पुसून टाकले. आईने एरवी त्यावरून चांगलं ऐकवलं असतं. त्या दिवशी तिने नुसतीच बाबांची कॉलर सरळ केली.

वकिलात म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या जमिनीला स्क्रूने जखडलेल्या. बाबांनी बसण्याआधी एक खुर्ची हलवून पाहिली, ती हलली नाही, तेव्हा मान हलवली. खिडकीपलीकडच्या बाई बाबांच्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी खुंटीचे कागद पाहिले, ठिकठिकाणी सह्या घेतल्या आणि पासपोर्ट पुढ्यात ओढून हातात कात्री घेतली.

"पटलंय ना पूर्ण? मग मागे फिरता येत नाही."

खुंटीने बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवर लावलेली कार्यालयाच्या वेळांची पाटी वाचत होते. तीन ओळींची ती पाटी त्यांना वाचून संपत नव्हती.

"पटलंय," ती म्हणाली.

बाईंनी पासपोर्टचा कोपरा कापला. जाड कागदाचा करकर आवाज झाला. खुंटीला वाटलं होतं काहीतरी मोठं वाटेल. वाटलं एवढंच, की कोपरा जरा वाकडा कापला गेला. तो तुकडा तिने उचलून मुठीत धरला.

तेव्हा बाबा पाटीपासून वळले आणि खिडकीशी आले.

"अजून एक अर्ज द्या," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

बाईंनी चष्म्यावरून एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा खुंटीकडे. "लेकीसाठी थांबला होतात होय?" त्या म्हणाल्या आणि खणातून कागद काढू लागल्या. "वर्षाला एखादा तरी येतोच असा."

"म्हणजे?" खुंटीने विचारलं.

बाबांनी सांगितलं नसतं. बाईंनी सांगितलं, अगदी रोजचं काम सांगावं तसं. तिकडचं नागरिकत्व मुलांना बापाकडून मिळतं. मूल कायद्याने अज्ञान असताना बापाने ते सोडलं, तर मुलाचंही त्याच दिवशी जातं. आणि सज्ञान झालं तरी, ते स्वतःचं ठरवीपर्यंत बापाने आपलं ठेवलेलं बरं, म्हणजे कागदावर कुणी बोट ठेवत नाही.

"यांनी तेव्हाच सोडलं असतं, तर आज तुम्हाला इथे यायचं कामच पडलं नसतं," बाई म्हणाल्या.

खुंटी त्या जखडलेल्या खुर्चीवर बसली. सगळ्या रांगा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. शाळांच्या खुर्च्यांचं काम दुसऱ्या गल्लीतल्या माणसाला गेलं होतं, तो दिवसही तिला आठवला. बाबा शेजारी बसून गुडघ्यावर कागद ठेवून मोठ्या अक्षरांत नाव लिहायला लागले. लिहायला ते मोठेपणी शिकले होते, आईकडून, त्यामुळे घाई करत नसत.

"तुम्हाला तिकडचं सोडवत नाही, असं वाटत होतं मला," ती म्हणाली.

"सगळ्यांनाच वाटायचं. वाटू दिलं."

"मला तरी सांगायचं, बाबा."

"सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे बघून ठरवलं असतंस." त्यांनी एक अक्षर पुरं केलं. "मला कुणी विचारलं नाही कधी. जन्मलो तिथला झालो. मग पोटामागे इकडे आलो. आपल्या घरात एकाला तरी विचारलं जावं, असं होतं मनात. आणि विचारायचं तर समोर दोन तरी हवेत ना?"

खुंटीने मूठ उघडली. कापलेला कोपरा घामाने ओला झाला होता.

बाईंनी खिडकीतून बाबांना एक गोष्ट पुन्हा समजावून सांगितली. आज हे नागरिकत्व जमा केलं, तरी इथलं हातात पडायला वर्ष जाईल. नियमच तसा आहे. तोवर तुम्ही ना इथले, ना तिथले.

हे ऐकून खुंटी उठली. बाकीचे कारागीर गिऱ्हाइकाची पाठ वळली की जुनी बैठक कापून मोकळे होतात. बाबांचं तसं नव्हतं. नवा वेत भिजून तयार होईपर्यंत ते जुन्या जाळीला सुरी लावत नसत. रिकामी चौकट आपल्या मनाने वाकायला लागते, असं ते म्हणायचे. त्यावरून दोघांची कितीदा वादावादी झाली होती.

"चौकट रिकामी ठेवायची नाही म्हणता ना?" ती म्हणाली. "मग वर्षभर?"

"ते कोवळ्या लाकडाचं," बाबा म्हणाले. "जुनं लाकूड कुठे वाकतंय आता?"

आणि त्यांनी सही केली.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी खुंटीने बाबांचा हात धरला. शाळेत सोडायला यायचे तेव्हा धरायची तसाच, दोन बोटांना. बाबांनीही सोडवून घेतला नाही.

दुकानात बादली भरलेली होती. त्यात वेताची अख्खी जुडी भिजत होती. त्या दिवशी कुणाचीही खुर्ची विणायची नव्हती, हे खुंटीला पक्कं माहीत होतं. तिने कोपऱ्यात पाहिलं. बाबांची स्वतःची खुर्ची तिथे होती, कित्येक वर्षांची, बैठक खोल बसलेली, वर फळी आणि फळीवर उशी. ती विणून द्यायचं खुंटीने किती वेळा म्हटलं होतं. अजून बसता येतंय ना, मग राहू दे, असं दर वेळी उत्तर मिळायचं.

तिने उशी काढली, फळी काढली आणि खुर्ची मधोमध आणून ठेवली. बाबांनी सुरी तिच्यापुढे धरली.

"तू काप."

तिने कापली. वर्षानुवर्षांची धूळ दोघांच्या अंगावर उडाली आणि बाबा शिंकत सुटले. मग ती उकिडवी बसली, बाबा समोर बसले, आणि पहिली पट्टी खालून वर आली. या वेळी ताणायचं काम तिने केलं आणि खुंट्या एकेक करून बाबांनी दिल्या.

इस्त्रीवाला कपड्यांची चळत घेऊन दारात थबकला.

"हे काय मालक, स्वतःची खुर्ची? उतरलात की काय बोटीतून?"

"उतरलो," बाबा म्हणाले. "लेक आधी उतरायची होती."

त्याला काही कळलं नाही, पण बाबा हसले म्हणून तोही हसला. आत आईने चहा टाकला आणि त्याच्यासाठीही एक कप वाढवला.

बाबांना इथलं नागरिकत्व पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिळालं. त्यानंतर एकदाच मतदान झालं. त्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं, रांगेचा कोट घातला आणि आईच्या आणि खुंटीच्या मध्ये उभं राहून मत दिलं. बाबा त्याच वर्षी हिवाळ्यात गेले, खुंटीच्या तेविसाव्या वाढदिवसानंतरच्या रविवारी, दुपारी. आत्या परवानगी काढून आली होती. आईने तिचं ताट नीट वाढलं.