परत बघायला लाव

"बंद करून सुरू करायचं नाही. जोडलेलं दिसलं नाही, तर त्याला परत बघायला लाव. आणि कॉपी झाली की एक फाइल उघडून बघ. न बघता झालं म्हणू नकोस."

सासूबाईंचा तो आवाज कानात धरूनच सुनेने डबीएवढ्या डिस्कची वायर काढून पुन्हा खोचली. पडद्यावर काही उमटलं नाही. सासूबाईंना जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि कॉम्प्युटर तेव्हापासून चालूच होता. पासवर्ड त्या सोबत घेऊन गेल्या. एकदा बंद झाला, की आतलं त्यांचं रोजचं लिखाण कायमचं कुलूपबंद. ते लिखाण त्यांच्या मुलीच्या हाती देईन, असा शब्द सुनेने उशाशी बसून दिला होता.

धाकटा दीर दाराला टेकून उभा होता. मशीन त्याला आपल्या ऑफिसात न्यायचं होतं.

"रीस्टार्ट करा की, वहिनी. कुरवाळत काय बसलाय?"

"पासवर्ड मागेल, भाऊजी."

"वीस वर्षं या घराला जोडलेल्या आहात, आईला कधी दिसला नाहीत. या खोक्याला तुमची डबी काय दिसणार?"

ती ओठांतल्या ओठांत नाम घेत राहिली. डिव्हाइस मॅनेजर उघडून तिने हार्डवेअरमधले बदल शोधायला लावले. यादी लुकलुकली, पुन्हा तशीच मांडली गेली. तिने वायर मागच्या खाचेत लावली आणि परत शोधायला लावलं. या खेपेला यादीच्या तळाशी डिस्कचं नाव आलं.

"दिसली बाई एकदाची," दीर म्हणाला.

कॉपी झाली. आता एक फाइल उघडायची. फायलींना तारखांची नावं होती, रोजची एक. तिची नजर एका तारखेवर थांबली. त्या दिवशी ती सात महिन्यांचं पोट रिकामं करून दवाखान्यातून परतली होती, आणि सासूबाईंनी उंबऱ्यातच तिच्या खांद्यावर शाल टाकली होती. या घरातलं तेवढंच तिने जपून ठेवलं होतं.

फाइल उघडली. दोनच ओळी.

'बाळ गेलं ते बरं झालं, हिच्यासारखंच निपजलं असतं. शाल टाकली, शेजारचे बघत होते.'

तिने त्या सावकाश वाचल्या. अक्षर न् अक्षर नीट उतरलं होतं.

"झालं का?"

"झालं." तिने फाइल मिटली, डिस्क रीतसर सोडवून घेतली. "करा आता बंद."

दिराने बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. आता ते सगळं तेवढ्या एका डबीत होतं, तिच्या मुठीत. खिडकीखाली नाल्याचं पाणी खळखळत होतं. ती थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली.

मग तिने डिस्क रुमालात बांधली, आदळू नये म्हणून दुसरी घडी घातली, आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"वन्संकडे. दिवेलागणीच्या आत येते."